भातुकलीचे हात : लुटुपुटूच्या स्वयंपाकाचा आणि मुलांच्या शरीरघडणीचा इतिहास

महाराष्ट्रातील मुलांच्या पारंपरिक खेळांचा विचार करताना आट्यापाट्या, विटीदांडू, लगोरी आणि हुतुतू हे अंग कमावणारे खेळ मानायचे आणि भातुकली मात्र मुलींची करमणूक, फार तर संसाराची पूर्वतयारी, म्हणून बाजूला ठेवायची, अशी विभागणी दीर्घकाळ रुजलेली आहे. ही विभागणी अपुरी आहे. भातुकली म्हणजे लहानग्या भांड्याकुंड्यांनी आणि खऱ्या किंवा कल्पित जिनसांनी मांडलेला लुटुपुटूचा स्वयंपाक. चूल पेटवल्यासारखे करणे, निवडणे, दळणे, कांडणे, मळणे, लाटणे आणि शेवटी पाने मांडून पाहुण्यांना वाढणे असा त्याचा क्रम असतो, आणि या क्रमातील प्रत्येक क्रियेत बोटे, तळवा, मनगट, कोपर, खांदा, पाठ आणि पाय यांना वेगवेगळे काम पडते. धावण्या-झुंजण्याच्या खेळांतून शरीराचे मोठे स्नायू बळकट होतात, हे सर्वमान्य आहे. हाताच्या लहान स्नायूंची आणि दोन्ही हातांच्या परस्पर मेळाची तितकीच नियमित घडण भातुकलीतून होत आली, ही गोष्ट मात्र फारशी नोंदली गेली नाही. ती घडण का होत असे आणि आज ती का क्षीण झाली आहे, याचे उत्तर या खेळातील वस्तूंच्या इतिहासात सापडते. जुन्या भातुकलीतील वस्तू खऱ्या उपकरणांसारख्या दिसत असत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या खरोखर चालत असत.

मातीची बोळकी

लहान आकाराची भांडी घडवण्याची रीत भारतीय उपखंडात फार जुनी आहे. इ.स.पू. २६०० ते १९०० या नागर काळातील हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर भाजलेल्या मातीच्या बैलगाड्या, शिट्ट्या आणि प्राण्यांच्या मूर्तींबरोबर बोटभर उंचीची भांडीही सापडलेली आहेत. यांतील प्रत्येक भांडे खेळण्यासाठीच होते असे म्हणता येत नाही, कारण सुगंधी द्रव्ये ठेवण्यासाठी किंवा पूजेसाठीही अशी भांडी वापरली गेली असतील. तथापि मुलांच्या हाताच्या मापाची वस्तू घडवण्याचे कसब कुंभारापाशी तेव्हाही होते, एवढे त्यांवरून निश्चित होते. वाङ्मयीन पुरावा अधिक स्पष्ट आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात बालिकांच्या खेळांमध्ये फुले वेचणे, माळा गुंफणे, खोटे घर बांधणे आणि बाहुल्यांचा खेळ मांडणे यांच्या जोडीने लुटुपुटूच्या जेवणाचाही उल्लेख येतो, आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाला तर मुलाच्या मातीच्या खेळगाडीवरूनच नाव मिळालेले आहे.

गावगाड्यात भातुकलीचे पहिले साधन कुंभाराकडूनच येत असे. संक्रांतीची सुगडे, अक्षय्य तृतीयेचे मातीचे घट आणि दिवाळीत लाह्या-बत्ताशांनी भरली जाणारी बोळकी ही सणांची भांडी, त्यांचे धार्मिक काम संपले की मुलांच्या ताब्यात जात, आणि ज्या घरांना धातूची भांडी परवडत नसत त्या घरांतील मुलांचा सगळा संसार या बोळक्यांवर आणि फुटक्या खापरांवर उभा राहत असे. ग्रामीण भागात या खेळाला चूल-बोळकी असेही म्हणतात, त्यावरूनच त्याचे मूळ साधन कोणते होते ते कळते. तीन दगड मांडले की चूल होई, विटेचा तुकडा दगडावर घासला की तिखट तयार होई, गवताचे बी तांदळाच्या जागी येई, रानातील पाला भाजी होई आणि ओल्या मातीचे लाडू वळले जात. इथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, गरीब घरातील मुलाला तयार वस्तू कमी मिळत असल्यामुळे ती स्वतः घडवण्याची क्रिया, म्हणजे वेचणे, कुटणे, चाळणे, कालवणे आणि वळणे, त्याच्या वाट्याला अधिक येत असे. खेळण्याची किंमत आणि त्यातून होणारी शरीराची घडण यांचे नाते सरळ नाही, हे भातुकलीच्या या सर्वांत जुन्या आणि सर्वांत स्वस्त प्रकारावरूनच स्पष्ट होते.

कारागिरांच्या हातची भांडी

धातूची भातुकली ही बाजारपेठांच्या आणि सुस्थित घरांच्या जगातील वस्तू होती, आणि ती घडवणारे कारागीर मोठी भांडी घडवणारेच असत. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी पेशवाईत वसलेल्या तांबटांच्या वस्तीमुळे नावारूपाला आली, नाशिकच्या भांडी बाजाराची ख्याती तांब्या-पितळेच्या कामासाठी होती, आणि मुंबईत तांबाकाटा हा भाग धातूंच्या व्यापारासाठी ओळखला जाई. तांबट पत्रा कापून, तापवून आणि ठोकून भांडे उभे करतो आणि शेवटी त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन पृष्ठभाग घट्ट व चमकदार करतो. या शेवटच्या कामाला मठारकाम म्हणतात. ओतारी वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू काढतो, पाथरवट दगड घडवतो आणि कातारी फिरत्या लाकडाला पटाशी लावून गोल आकार काढतो. या चौघांच्याही व्यवसायात लहान आकाराच्या वस्तूंना जागा होती.

अशा कारागिरांकडून घडलेल्या भातुकलीच्या संचाची यादी म्हणजे जुन्या मराठी स्वयंपाकघराची जवळजवळ संपूर्ण नोंदवही असते. तीत चूल, शेगडी, फुंकणी, चिमटा आणि सांडशी असते. तपेली, पातेली, कढई, परात, झारा, पळी आणि उलथणे असते. जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा आणि खलबत्ता असतो. विळी, किसणी, रोवळी, चाळणी, सूप आणि पोळपाट-लाटणे असते. ताक घुसळण्याची रवी, चकलीचा सोऱ्या, धान्य मोजण्याची शेर-मापटे अशी मापे, पाण्याचा बंब आणि घंगाळही असते. सावंतवाडीत राजघराण्याच्या आश्रयाने वाढलेल्या चितारी कारागिरांनी लाकडावर लाखेचे रंग चढवून खेळणी करण्याची कला जोपासली. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि नंतर पान घासून तिला झिलई आणली जाते. अशा लाकडी वस्तू हलक्या, गुळगुळीत आणि बिनकोपऱ्याच्या असल्याने अगदी लहान मुलांच्या हातात त्या निर्धास्तपणे देता येत.

यांतील दगडी जात्याकडे जवळून पाहिले तर जुन्या भातुकलीचे मर्म कळते. वीतभर रुंदीच्या या जात्याला खालची आणि वरची अशा दोन तळ्या असतात, खालच्या तळीच्या मध्यात उभा खिळा असतो, वरच्या तळीला धान्य टाकण्याचे तोंड असते आणि कडेजवळ लाकडी खुंटा ठोकलेला असतो. त्याच्या तोंडात चिमूटभर तांदूळ घालून खुंटा फिरवला की तांदळाची खरोखर कणी होते, आणि फिरवणे थांबवले की पीठ पडायचे थांबते. मुलाला दगडाचे वजन जाणवते, दोन तळ्यांमधील घर्षण खांद्यापर्यंत पोचते, एका बाजूने जास्त जोर दिला तर वरची तळी अडते, आणि घास मोठा घातला तर जाते जड चालते. म्हणजे ही वस्तू मुलाच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देते. पितळेच्या सोऱ्याचे आणि किसणीचेही असेच आहे. आकार उतरवताना कारागिराने त्यांची कार्यपद्धती तशीच ठेवली, आणि शरीराच्या दृष्टीने या परंपरेचे सर्वांत मोठे देणे तेच आहे. युरोपातील न्यूरेंबर्ग शहराच्या नावाने ओळखली जाणारी खेळातील स्वयंपाकघरेही प्रसिद्ध आहेत, परंतु त्यांतील बऱ्याच भांड्यांची मांडणी पेटीसारख्या खोलीत भिंतीला लावून पाहण्यासाठी असे. मराठी भातुकली जमिनीवर पसरली जाई आणि मूल तिच्या मधोमध बसत असे.

खेळ आणि संसार

भातुकलीचा सामाजिक इतिहास मात्र निर्मळ कौतुकाचा नाही. एकोणिसाव्या शतकात, बालविवाहाची रूढी बलवान असताना, आठ ते अकरा वर्षांच्या मुलीला सासरी जावे लागे, आणि भातुकलीतील लहान जाते सोडून खऱ्या जात्याचा खुंटा धरण्याची वेळ तिच्यावर शरीर पुरते वाढण्यापूर्वीच येत असे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या; त्यांना शिक्षणाचा आग्रह धरणारा पती लाभला, पण त्या वयाच्या बहुसंख्य मुलींच्या वाट्याला पाणी भरणे, दळणे आणि कांडणे हेच आले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहितेसाठीही संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर आणली आणि १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. या कायद्यांचा परिणाम सावकाश झाला, तरी खेळण्याचे वय आणि राबण्याचे वय यांच्यात अंतर राखले पाहिजे, हा विचार त्यांतून सार्वजनिक जीवनात स्थिरावला.

हे अंतर शारीरिक दृष्टीनेही मूलभूत आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात; जन्माच्या वेळी ती कूर्चारूप, म्हणजे मऊ व लवचीक असतात आणि एकेक करून पुढील दहा-बारा वर्षांत ती हाडाच्या रूपात येतात. अशा हाताला हलके, वैविध्यपूर्ण आणि मुलाच्या इच्छेने थांबणारे काम पोषक ठरते, तर जड, एकसुरी आणि सक्तीचे काम अपायकारक ठरते. भातुकलीतील दळण मूल कंटाळले की थांबते, घरातील दळण थांबत नसे. म्हणून या खेळाचा गौरव करताना त्याच्या आडून मुलींवर लादल्या गेलेल्या श्रमांचा गौरव होणार नाही, ही दक्षता इतिहासकाराने घ्यावी लागते.

मुलगे या खेळापासून पूर्णपणे दूर होते असेही नाही. पाच-सहा वर्षांपर्यंतची मुले-मुली ओसरीवर एकत्रच खेळत आणि बाजारहाट करणारा, लाकडे आणणारा किंवा जेवायला येणारा पाहुणा अशा भूमिका मुलग्यांना मिळत. परंतु कणीक मळण्याचे, लाटण्याचे आणि पाखडण्याचे काम, म्हणजे हाताला सर्वाधिक व्यायाम देणारा भाग, बहुधा मुलींकडे राही, आणि वय वाढताच मुलग्यांना थट्टेच्या भीतीने खेळातून बाहेर काढले जाई. त्यामुळे हाताच्या कौशल्याची ही शिदोरी निम्म्या मुलांना मिळालीच नाही.

पुढे भातुकलीला शोभेचे स्थानही मिळाले. चैत्रगौरीच्या आणि महालक्ष्मींच्या आराशीत, तसेच लग्नाच्या रुखवतात पितळेची भातुकली मांडण्याची हौस वाढली, पुण्यातील तुळशीबाग तिच्या खरेदीसाठी ओळखली जाऊ लागली, आणि घरगुती वस्तूंच्या संग्रहालाच प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांमुळे अशा वस्तूंकडे सांस्कृतिक ठेवा म्हणून पाहण्याची दृष्टी आली. ही जपणूक मोलाची आहे; मात्र काचेच्या कपाटात गेलेल्या जात्याचा खुंटा कोणी फिरवत नाही, आणि न फिरणाऱ्या जात्यातून हात घडत नाही.

हाताची घडण

भातुकलीतून शरीराला नेमके काय मिळते हे समजण्यासाठी हाताच्या वाढीचा क्रम पाहावा लागतो. तान्हे मूल वस्तू संपूर्ण तळव्याने पकडते. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून लहान वस्तू उचलणे त्याला साधते, हीच चिमूट होय. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ साली मानवी पकडीचे दोन मुख्य प्रकार मांडले. पहिली शक्तीची पकड, जीत वस्तू बोटे आणि तळवा यांच्यामध्ये आवळली जाते, आणि दुसरी अचूकतेची पकड, जीत वस्तू अंगठा व बोटांच्या टोकांमध्ये धरली जाते. मुसळ, वरवंटा आणि जात्याचा खुंटा शक्तीच्या पकडीने धरावा लागतो. तांदळातील खडा, मिठाची चिमूट आणि पातेल्यावरील झाकणाची लहान मूठ अचूकतेच्या पकडीने. एकाच खेळात मूल या दोन पकडींमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करते, आणि पुढे पेन्सिल धरण्यासाठी लागणारे बोटांचे बळ व नियंत्रण त्यातून तयार होत जाते.

दोन्ही हातांचा मेळ हा वाढीचा दुसरा महत्त्वाचा भाग आहे. दोन हात एकत्र काम करतात तेव्हा त्याचे तीन प्रकार संभवतात, आणि हे तिन्ही प्रकार मराठी स्वयंपाकघराच्या साधनांत सहज सापडतात. पोळपाटावर लाटणे फिरवताना किंवा सूप पाखडताना दोन्ही हात एकच हालचाल एकाच वेळी करतात. रवीला दोरी गुंडाळून ताक घुसळताना एक हात मागे येतो तेव्हा दुसरा पुढे जातो, म्हणजे हालचाल आलटून पालटून होते. जाते चालवताना उजवा हात खुंटा फिरवतो आणि डावा घास घालतो, किंवा पातेले एका हाताने स्थिर धरून दुसऱ्याने पळी ढवळली जाते, तेव्हा दोन हात दोन निराळी कामे करतात. शरीराच्या मधोमध कल्पिलेल्या उभ्या रेषेला मध्यरेषा म्हणतात, आणि एका बाजूचा हात ही रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला सहज जाणे हे मेंदूच्या दोन्ही बाजू एकमेकींशी जुळवून घेत असल्याचे लक्षण मानले जाते. समोर मांडी घालून बसलेल्या मुलाला जात्याची प्रत्येक फेरी पूर्ण करताना ही रेषा ओलांडावीच लागते.

ओतणे ही दिसायला साधी पण अंगाची परीक्षा घेणारी क्रिया आहे. तांब्यातून वाटीत पाणी ओतताना कोपर शरीराजवळ स्थिर ठेवून मनगटापासून हात सावकाश कलता करावा लागतो, डोळे वाटीच्या काठावर ठेवावे लागतात आणि भांडे रिकामे होत जाते तसतसा जोर कमी करावा लागतो. दोन-अडीच वर्षांचे मूल सगळा खांदाच वाकवते आणि पाणी सांडते. सरावाने हालचाल खांद्यातून मनगटात उतरते. कणीक मळताना तळव्याच्या आतील लहान स्नायूंना आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याला काम मिळते, लाडू वळताना तळव्याची खोलगट वाटी तयार होते, आणि वाल सोलताना दोन्ही हातांच्या चिमटी परस्परविरुद्ध दिशांना खेचतात. स्पर्शाची आणि स्नायूंच्या ताणाची जाणही याच वेळी तयार होते, कारण ओली कणीक, कोरडे तांदूळ, थंड पितळ आणि खरबरीत दगड प्रत्येक वेळी वेगळ्या जोराची मागणी करतात.

मोठ्या स्नायूंचा वाटाही यात कमी नाही. जुन्या घरात स्वयंपाक जमिनीवर होत असल्याने भातुकलीही जमिनीवरच मांडली जाई, आणि मुलाला उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघ्यांवर सरकणे, वाकून उचलणे, हातात भरलेले ताट घेऊन उठणे आणि न सांडता चालत जाणे, या स्थिती सतत बदलाव्या लागत. उकिडवे बसताना घोटा, गुडघा आणि खुबा हे तिन्ही सांधे पूर्ण वाकतात आणि तोल राखण्यासाठी पोट व पाठ सज्ज राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात तीन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल करावी आणि त्यांतील किमान ६० मिनिटे ती मध्यम ते जोरकस असावी, असे म्हटले आहे. जोरकस हालचालीची गरज भातुकली भागवू शकत नाही, त्यासाठी धावणे-उड्या मारणेच हवे. परंतु हलक्या आणि विविध हालचालींचा मोठा भाग ती सहज पुरवते.

या फायद्यांत कल्पनेचा वाटा किती आणि हालचालीचा किती, हा प्रश्न विचारला पाहिजे. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली लुटुपुटूच्या खेळांवरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा अशा खेळामुळे बुद्धी आणि सर्जनशीलता वाढते या समजुतीला मानले जाते तितका भक्कम आधार नसल्याचे त्यांनी दाखवून दिले. शरीराच्या बाबतीतही हीच सावधगिरी योग्य आहे, कारण स्नायू घडतात ते हालचालीने, कल्पनेने नव्हे. कल्पनेचे काम वेगळे आहे. कोणतेही कौशल्य अंगी बाणण्यासाठी तीच क्रिया असंख्य वेळा करावी लागते, आणि चार वर्षांच्या मुलाला मनगटाचा व्यायाम म्हणून खुंटा पन्नास वेळा फिरवायला सांगितले तर ते पाच वेळांत उठून जाईल; पण पाहुणे यायचे आहेत आणि पिठले व्हायचे आहे, हे एकदा ठरले की तेच मूल अर्धा तास न सांगता दळत बसते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या आपल्या व्याख्यानात असे मांडले होते की, खेळात मूल भूमिकेचे नियम स्वखुशीने पाळते आणि एरवी न जमणारा संयम दाखवते. भातुकलीत हा संयम थेट हातांच्या सरावात उतरतो.

बालवाडीची वाट

खेळातील हातकामाला शिक्षणात स्थान मिळण्याचा इतिहास युरोपात सुरू होतो. फ्रीड्रिख फ्रबेल यांनी १८३७ साली जर्मनीत ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि चेंडू, ठोकळे, विणकाम, घड्या घालणे अशा साधनांनी बालोद्यानाची, म्हणजे किंडरगार्टनची, पद्धत उभारली. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. त्यांनी तेथे एक अनपेक्षित गोष्ट पाहिली. सुंदर खेळणी हाताशी असूनही मुले त्यांच्याकडे फारशी वळत नव्हती आणि खऱ्या, पण आपल्या हाताच्या मापाच्या, वस्तूंनी ओतणे, पुसणे, धुणे आणि मांडणे यांत रमत होती. त्यावरून त्यांनी जीवनव्यवहाराची कामे हा शिक्षणाचा पाया मानला आणि चूक झाली तर ती साधनानेच मुलाला दाखवावी, हे तत्त्व मांडले; सांडलेले पाणी हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण होय. लुटुपुटूच्या खेळाला माँटेसरी यांनी दुय्यम मानले, हे खरे. परंतु चालणारे जाते आणि पीठ पाडणारी चाळणी असलेली भातुकली ही त्यांच्या जीवनव्यवहाराच्या साधनांना किती जवळची होती, हे पाहण्यासारखे आहे.

हा विचार पश्चिम भारतात आणण्याचे श्रेय गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांना जाते. गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले, ताराबाई तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी स्वतः १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला, त्या काळात त्यांच्या हाताखाली येथील अनेक शिक्षक तयार झाले. मात्र आयात केलेली लाकडी साधने खेड्यातील शाळेला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा त्यांनी साधनांचा प्रश्न परिसरातूनच सोडवला. बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या आणि माती यांच्या आधारे मोजणी, वर्गीकरण आणि हाताचा सराव त्यांनी घडवून आणला, आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. चूल-बोळकी खेळणाऱ्या आदिवासी मुलांच्या हातात जे साहित्य आधीपासून होते, त्याचेच शिक्षणाच्या साधनात रूपांतर करण्याची ही दृष्टी होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. त्यानंतरच्या काळात आहार, लसीकरण आणि वजनाच्या नोंदी यांना स्वाभाविकच अग्रक्रम मिळाला. हातांना काम देणाऱ्या खेळाची बाजू मात्र सेविकेच्या वेळेवर आणि उपलब्ध साहित्यावर अवलंबून राहिली.

ओटा, प्लॅस्टिक आणि बदललेला खेळ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्यांचे स्वयंपाकघर बदलले आणि त्यामागून भातुकलीही बदलली. १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विक्रीस आला, १९५९ च्या सुमारास देशात प्रेशर कुकरचे उत्पादन सुरू झाले, पिठाच्या गिरणीने जात्याला आणि मिक्सरने पाट्याला निवृत्त केले, आणि शहरांत उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा रूढ झाला. स्त्रियांचे कष्ट यामुळे हलके झाले, हा निःसंशय मोठा लाभ आहे आणि त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. खेळण्यातही पितळेच्या जागी ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील आले, त्यामुळे कल्हईची गरज संपली आणि भातुकली अधिक घरांना परवडू लागली.

खरा बदल प्लॅस्टिकच्या संचांनी घडवला. या संचातील गॅसची शेगडी पेटत नाही, मिक्सरचे भांडे फिरत नाही किंवा कळ दाबताच आपोआप आवाज करते, भाजी आधीच दोन तुकड्यांत कापलेली असते आणि चिकटपट्टीने जोडलेली असते, आणि लाटण्याखाली लाटण्यासारखे काही नसते. सगळ्या वस्तूंचे वजन जवळजवळ सारखे, पृष्ठभाग सारखा आणि धरण्याची रीतही सारखीच असते. अशा संचाने खेळणाऱ्या मुलाची कल्पना आणि भाषा फुलू शकते, पण त्याच्या हाताला विरोध मिळत नाही, आणि विरोधावाचून स्नायू घडत नाही. खेळघराची उंचीही ओट्यासारखी झाल्याने उकिडवे बसणे आणि जमिनीवरून उठणे हा भागही गळून पडला. पडद्यावर बोट फिरवून केला जाणारा स्वयंपाक तर सगळ्या क्रियांना एकाच बोटाच्या एकाच हालचालीवर आणून ठेवतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत स्तर म्हणून एकत्र पाहिला आहे आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ व स्थानिक खेळणी यांना शिक्षणाचे माध्यम म्हणून मान्यता दिली आहे. या धोरणाचा अर्थ महाराष्ट्रापुरता लावायचा तर त्यासाठी नवे काही शोधून काढण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक अंगणवाडीत आणि बालवाडीत एक चालणारे लहान जाते, एक पोळपाट-लाटणे आणि थोडी कणीक, एक सूप, दोन-तीन तांबे-वाट्या, निवडायला मूठभर मिश्र कडधान्य आणि पसरून बसायला मोकळी जमीन एवढे साहित्य पुरेसे आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती घशात अडकू शकतील अशा बिया आणि बारीक वस्तू देऊ नयेत, जुन्या पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवू नयेत, आणि खेळताना मोठ्यांचे लक्ष असावे, एवढी काळजी घेतली की हा खेळ निर्धोक आहे.

भातुकलीचा इतिहास दोन गोष्टी शिकवतो. खेळण्यातील वस्तू खरोखर चालणारी असेल तरच ती हाताला घडवते, आणि ती घडण मुलींपुरती राखून ठेवणे हा मुलींवर जितका अन्याय होता तितकेच ते मुलग्यांचे नुकसान होते. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी भातुकली रुखवताच्या मांडणीतून आणि शोभेच्या कपाटातून खाली उतरवावी, ती जमिनीवर मांडावी, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक लहान मुलाला तिच्यात दळायला, मळायला, लाटायला आणि सांडायला मुभा द्यावी.